जिप्सी जॅझवरचा माहितीपट येतोय? पडद्यासमोर बसण्याआधीची तयारी

स्ट्रासबर्गला शिकायला गेले, त्या पहिल्याच हिवाळ्यात एका छोट्या सभागृहात जिप्सी जॅझ वाजवणाऱ्या कुटुंबांवरचा माहितीपट बघितला. माझं फ्रेंच जेमतेम, उपशीर्षकं नाहीत, आणि आडनावं तीच तीच कानावर पडत होती: श्मिट, राइनहार्ट, विंटरश्टाइन, रोझेनबर्ग. कोण कुणाचा कोण ते शेवटपर्यंत कळलं नाही. दीड तास मी फक्त गिटारवर धावणाऱ्या बोटांकडे बघत राहिले आणि सिनेमा संपला. शेजारी एक म्हातारे गृहस्थ बसले होते, स्वतः गिटार वाजवणारे. बाहेर पडताना ते मला म्हणाले, "बोटं बघू नकोस. पाय बघ."

त्या वाक्याचा अर्थ लागायला मला दोन वर्षं लागली. त्या दोन वर्षांत दर आठवड्याला एका कॅफेत जाऊन कोपऱ्यात बसायचं, ऐकायचं, आणि पुढे पुढे साथीची गिटार धरायची, असं चाललं. नंतर तोच माहितीपट पुन्हा बघितला तेव्हा मी जणू दुसराच सिनेमा बघत होते. आता या संगीतावर नवा माहितीपट येतोय अशी कुणकुण लागली, की पुण्यातल्या ओळखीच्या मंडळींचे फोन सुरू होतात: आधी काय ऐकू, कुठे बघायला मिळेल, तिकडे जायचं तर काय लागेल? त्या सगळ्यांसाठी हे एकदाचं लिहून ठेवते आहे. पायऱ्या शक्यतो याच क्रमाने करा. हाताशी महिनाभर असेल तर आरामात होतं.

१. आधी नावं नीट समजून घ्या

युरोपातल्या रोमानी लोकांना 'जिप्सी' हा शब्द बाहेरच्यांनी दिलेला आहे. हे लोक इजिप्तहून आले, असा युरोपात समज होता, त्यातून तो आला. आज अनेकांना तो अपमानास्पद वाटतो. संगीताचं नाव म्हणून 'जिप्सी जॅझ' रूढ झालंय, म्हणून मीही तो इथे वापरते आहे, पण माणसांबद्दल बोलताना त्यांचं स्वतःचं नाव वापरा. फ्रान्समध्ये हे संगीत 'जॅझ मानुश' म्हणून ओळखलं जातं. मानुश म्हणजे फ्रान्समधला, मुख्यतः उत्तर आणि पूर्वेकडचा रोमानी समाज. जर्मनी आणि हॉलंडमधले त्यांचे सगेसोयरे स्वतःला सिंती म्हणवतात. दक्षिण फ्रान्स आणि स्पेनकडचे जितान. त्यांचा ओढा फ्लामेंको या स्पॅनिश गाण्या-नाचाकडे. पूर्व युरोपातले रोम, त्यांचं संगीत आणखी निराळं. माहितीपटात हे चारही शब्द येऊ शकतात आणि बोलणारा माणूस ते अदलाबदल करून वापरत नाही, याकडे लक्ष द्या.

आता 'मानुश' हा शब्द मोठ्याने म्हणून बघा. हो, तोच. माणूस. रोमानी ही भारतीय-आर्य कुळातली भाषा आहे. साधारण हजार वर्षांपूर्वी ती बोलणाऱ्यांचे पूर्वज भारतातून पश्चिमेकडे गेले. त्यामुळे पडद्यावर दोन म्हाताऱ्या बायका आपसात बोलायला लागल्या की मराठी कानाला अधूनमधून ठेच लागते. पाण्याला पानी, नाकाला नाक, कानाला कान, आगीला याग, काळ्याला कालो. आकडे येक, दुई, त्रिन, श्तार, पांज असे जातात. सहापर्यंत आपले आणि मग सात, आठ, नऊ हे चक्क ग्रीक, कारण वाटेत त्यांचा मुक्काम ग्रीक बोलणाऱ्या मुलखात दीर्घकाळ होता. दहा पुन्हा आपलं: देश. मुलाला ते 'छावो' म्हणतात. भाषाशास्त्रज्ञ त्याचं मूळ आपल्या 'छावा'च्याच मुळाशी नेतात. मला हे कळलं तेव्हा मी कितीतरी वेळ तो एकच शब्द पुटपुटत बसले होते.

इथला सापळा: या नात्यावरून लगेच "हे तर आपलेच बंजारे" किंवा "राजस्थानचं लोकसंगीत" असं म्हणू नका. भाषेचं मूळ इकडचं, पण हे संगीत विसाव्या शतकातल्या पॅरिसमध्ये घडलं. त्यात अमेरिकेतला कृष्णवर्णीयांचा स्विंग, म्हणजे नाचायचा जॅझ आहे, पॅरिसच्या नाचघरांतला अ‍ॅकॉर्डियनचा वॉल्ट्झ आहे, आणि घराघरातलं रोमानी वादन आहे. राग शोधायला जाल तर यातलं खरं काही हाती लागणार नाही.

२. जँगोची गोष्ट: किमान एवढी माहीत हवी

या विषयावरचा कुठलाही माहितीपट जँगो राइनहार्टला वगळून पुढे जाऊ शकत नाही, आणि बहुतेक दिग्दर्शक प्रेक्षकाला ही गोष्ट माहीत आहे असंच धरून चालतात. म्हणून थोडक्यात.

जन्म २३ जानेवारी १९१०, बेल्जियममधल्या लिबेर्शी गावाजवळ, कुटुंबाचा तांडा तिथे थांबलेला असताना. खरं नाव जाँ. 'जँगो' हे रोमानी टोपणनाव. त्याचा अर्थ 'मी जागा होतो' असा सांगतात. आपल्या 'जाग'शी त्याचं नातं लगेच लक्षात येतं. लहान वयातच पॅरिसच्या नाचघरांत तो अ‍ॅकॉर्डियनवाल्यांना बँजोची साथ करू लागला. १९२८ मध्ये, वय अठरा, राहत्या गाडीला आग लागली. बायको विकायला सेल्युलॉइडची फुलं करायची, ती भडकली. एक पाय आणि डावा हात भाजला. अनामिका आणि करंगळी कायमची आखडली. अंथरुणावर पडल्या पडल्या त्याने गिटार नव्याने हातात बसवली.

"त्याने दोन बोटांनी वाजवलं" हे वाक्य तुम्हाला सगळीकडे भेटेल. ते अर्धंच खरं आहे. धावत्या जागा तो तर्जनी आणि मध्यमेवर घ्यायचा, पण स्वरसंगतीसाठी (कॉर्डसाठी) आखडलेली बोटंही वरच्या तारांवर टेकवायचा. जुन्या चित्रफितीचा तुकडा माहितीपटात दिसलाच, तर हे नीट बघा. एवढ्या कमी बोटांमुळे त्याचा हात गिटारच्या मानेवर आडवा न राहता लांबच लांब सरकतो. आजही दहा बोटं शाबूत असलेले वादक त्याच सरकत्या मार्गाने वाजवतात, कारण तो नाद त्यातूनच येतो.

१९३४ मध्ये पॅरिसला 'हॉट क्लब द फ्रान्स'चं पंचक उभं राहिलं: जँगो, व्हायोलिनवर स्तेफान ग्रापेली, साथीला आणखी दोन गिटार आणि एक डबल बेस. ड्रम नाहीत, पियानो नाही, तुतारी नाही, सगळी तारवाद्यं. तिसरी गिटार कशी आली त्याची गोष्ट मला फार आवडते. ग्रापेली एकल वाजवायचा तेव्हा त्याच्या मागे दोन गिटारींची साथ असायची, आणि जँगोच्या वेळी एकच उरायची. हे बरोबर नाही अशी जँगोची तक्रार होती. म्हणून साथीला आणखी एक गिटारवादक घेतला. साथीचं वजन या संगीतात किती आहे, ते यावरून कळावं.

१९३९ मध्ये युद्ध सुरू झालं तेव्हा पंचक लंडनमध्ये होतं. ग्रापेली तिथेच राहिला, जँगो फ्रान्सला परतला. १९४३ मध्ये स्वित्झर्लंडला निसटण्याचा त्याचा प्रयत्न फसला. १९४६ मध्ये जॅझ वाद्यवृंदाचा नायक ड्यूक एलिंग्टन याच्याबरोबर अमेरिकेचा दौरा झाला. शेवटची वर्षं सीन नदीकाठच्या सामवा (Samois) गावात गेली आणि १६ मे १९५३ रोजी, त्रेचाळिसाव्या वर्षी तो गेला. त्याला नोटेशन वाचता येत नव्हतं. पुढच्या पिढ्यांनी जे उचललं, ते रेकॉर्ड आणि नात्यागोत्यातल्या माणसांकडून, कानाने.

३. कान तयार करा: साथ आधी, बोटं नंतर

ही पायरी घाईने उरकू नका. बाकी काहीच जमलं नाही तरी एवढी कराच.

जिप्सी जॅझचा कणा म्हणजे साथीच्या गिटारचा ठेका. त्याला 'ला पोंप' म्हणतात, म्हणजे पंप. चार मात्रांचं आवर्तन धरा. पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर खालच्या तारांचा भरीव आघात. दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर सगळ्या तारांवर कोरडा, कापल्यासारखा आघात. डावा हात लगेच सैल सोडून नाद तिथल्या तिथे बंद करतो. 'धुम्-छक्, धुम्-छक्' असं म्हणा. मधे वरच्या दिशेने एक निसटता स्पर्श असतो, तो ऐकू येण्यापेक्षा जाणवतो. ड्रमचं काम हा एकटा उजवा हात करतो. भजनात टाळ थांबला तर काय होईल, त्याची कल्पना करा. इथे पोंप थांबली तर तेच होतं.

आता हे करा:

पहिला आठवडा. पंचकाचं १९३७ चं 'मायनर स्विंग' लावा. तीन मिनिटांची चीज आहे. पहिल्या पाच वेळा जँगो आणि ग्रापेलीकडे मुद्दाम दुर्लक्ष करा. फक्त मागचा ठेका ऐका, दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर टाळी द्या. सवयीने टाळी पहिलीवर पडेल, समेवर. आपल्या कानाला ती ओढ असतेच. ती मोडा. टाळी दुसऱ्या-चौथ्यावर स्थिरावली की हे संगीत अंगात उतरायला लागतं.

दुसरा आठवडा. त्याच रेकॉर्डिंगमध्ये आता एकल वादन ऐका, पण टाळी सोडू नका. त्यानंतर १९४० चं 'न्वाज' घ्या, म्हणजे 'ढग'. इथे व्हायोलिनच्या जागी क्लॅरिनेट आहे, कारण ग्रापेली लंडनला. जर्मनांनी व्यापलेल्या पॅरिसमध्ये ही धून घरोघरी गेली होती. संथ लयीतही साथ कशी तग धरते ते ऐका.

तिसरा आठवडा. वॉल्ट्झ. तीन मात्रांचा चक्राकार झोत. दादऱ्याची सवय असलेल्याला आवर्तन मोजायला सोपं जातं, पण वजन वेगळ्या जागी पडतं. माहितीपटांत घरगुती बैठकीत वॉल्ट्झ हटकून येतो, कारण तो थोरांच्या तरुणपणीच्या नाचघरांचा आहे.

चौथा आठवडा. जँगोनंतरची माणसं. इथे मात्र यादी लांबवण्याचा मोह टाळा, पाच-सहा पुरेत. जर्मनीतले व्हायोलिनवादक श्नुकेनाक राइनहार्ट. युद्धकाळात त्यांच्या कुटुंबाला पोलंडला हद्दपार केलं होतं, आणि १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून त्यांनी सिंती संगीत उघडपणे मंचावर आणलं. बेल्जियमचे फापी लाफर्तँ, ज्यांच्या वादनात जुन्या जँगोचा मऊपणा आहे. हॉलंडचं रोझेनबर्ग त्रिकूट: स्टोकेलो पुढे, चुलतभाऊ नूशे साथीला, नॉनी बेसवर. पूर्व फ्रान्समधल्या आल्सासचे बिरेली लाग्रेन, ज्यांचा पहिला अल्बम १९८० मध्ये तेराव्या वर्षी आला. चावोलो श्मिट, ज्यांचं नाव ऐकलं की मला तो 'छावो' आठवतो, आणि ज्यांचा आघात मला बाकी कुणाहीपेक्षा जिवंत वाटतो. आणि आँजेलो दबार.

आता नूशे रोझेनबर्ग आणि बिरेलींबरोबर वर्षानुवर्षं साथ करणारे होनो विंटरश्टाइन ही दोन नावं वेगळी लिहून ठेवा. हे साथीदार आहेत. पोस्टरवर त्यांचं नाव बारीक अक्षरांत असतं. जाणकार मात्र त्यांना ऐकायला जातात.

इथला सापळा: 'जिप्सी जॅझ' लिहून शोधलं की कॅफेत मागे वाजावं अशा तयार संगीताच्या लांबलचक याद्या समोर येतात. त्यात ठेका संगणकावर बसवलेला असतो आणि लय तसूभरही हलत नाही. त्यांनी कान बिघडतात. वर दिलेल्या माणसांपासूनच सुरुवात करा.

४. वाद्य ओळखा

कॅमेरा गिटारवर रेंगाळणारच, तेव्हा थोडं ठाऊक असू द्या. सेल्मर या फ्रेंच कंपनीने १९३२ मध्ये मारियो माकाफेरी या इटालियन कारागिराच्या रचनेची गिटार काढली. सुरुवातीच्या गिटारींचं तोंड मोठं, इंग्रजी डी अक्षरासारखं. नंतरच्यांचं लहान, लंबगोल. साधारणपणे मोठ्या तोंडाची साथीला आणि लहान तोंडाची एकल वादनाला असा संकेत पडला. आवाज चढा आणि कोरडा, लगेच विरणारा. ध्वनिवर्धक नसलेल्या भरल्या नाचघरात पोचायला असाच आवाज लागतो. मूळ सेल्मर हजाराच्या आतच बनल्या, १९५२ मध्ये उत्पादन थांबलं. आज दिसतात त्या बहुतेक इतर कारागिरांनी त्या घाटावर घडवलेल्या. जँगोची ५०३ क्रमांकाची गिटार पॅरिसच्या संगीत संग्रहालयात काचेआड आहे.

शिकायची हौस असेल तर घाईने महागडी गिटार मागवू नका. घरात लोखंडी तारांची साधी गिटार असेल तर तीवर सुरुवात होते. लागणाऱ्या वस्तू एवढ्याच:

- चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या वेटोळ्यांच्या हलक्या तारा, जाडी १० किंवा ११
- जाड मिजराफ, तीन मिलिमीटर किंवा त्याहून अधिक; पातळ मिजराफीने तो आघात येतच नाही
- मेट्रोनोम (लय मोजणारं यंत्र), आणि तो दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर वाजतोय असं धरून सराव

'मायनर स्विंग'ला ए मायनर सिक्स्थ, डी मायनर सिक्स्थ आणि ई सेव्हंथ एवढ्या तीन स्वरसंगतींवर बरंच अंतर कापता येतं. मी सहा महिने फक्त त्या तीनच वाजवल्या. कॅफेतल्या मंडळींनी त्याआधी मला एकलला हात लावू दिला नाही, आणि ते योग्यच होतं.

५. पडद्यावर जे बोललं जाणार नाही, ते वाचून जा

या कुटुंबांवरच्या माहितीपटात काही गप्प क्षण येतात. आजोबा अर्ध्यात थांबतात, किंवा विषय बदलून गिटार उचलतात. पहिल्यांदा मला ते संकलनातले दोष वाटले. ते तसे नसतात.

१९१२ च्या कायद्याने फ्रान्समध्ये भटक्या म्हणून नोंद झालेल्यांना शरीराची मापं आणि बोटांचे ठसे असलेली वही बाळगणं सक्तीचं केलं. गाव बदललं की त्यावर शिक्का. एप्रिल १९४० मध्ये त्यांच्या फिरण्यावर बंदी आली आणि मग हजारो माणसं छावण्यांत डांबली गेली. मोंत्रय-बेले ही त्यातली मोठी छावणी. पॅरिस ऑगस्ट १९४४ मध्ये मुक्त झालं, पण शेवटच्या बंदिवानांची सुटका व्हायला जून १९४६ उजाडला. वहीची पद्धत १९६९ मध्ये बदलली, तरी वेगळ्या रूपातली कागदपत्रं २०१७ पर्यंत चालू राहिली. फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांनी या छावण्यांची जबाबदारी जाहीरपणे मान्य केली ती २०१६ मध्ये. जर्मनी आणि पूर्वेकडे तर सिंती आणि रोम यांचा नाझींनी संहार केला. २ ऑगस्टच्या रात्रीची आठवण त्यासाठी ठेवली जाते, कारण १९४४ मध्ये त्या रात्री आउश्वित्झमधली त्यांची छावणी संपवण्यात आली.

आपल्याकडे १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आणि सोलापूरच्या सेटलमेंटची तारेची कुंपणं ज्यांच्या घरात बोलली जातात, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. शिक्के, हजेरी, संशय. भटक्या-विमुक्तांच्या चळवळीत काम करणारी माझी एक मैत्रीण तो माहितीपट माझ्याबरोबर बघत होती. शिक्क्यांच्या वहीचं दृश्य आलं तेव्हा तिने माझा हात घट्ट धरला होता.

आणखी दोन गोष्टी. काही मानुश कुटुंबांत गेलेल्या माणसाचं नाव उच्चारत नाहीत, त्याच्या वस्तू जाळून टाकतात. म्हणून "तुमच्या वडिलांबद्दल सांगा" या प्रश्नाला उत्तर म्हणून वडिलांची धून मिळते. दुसरं, या समाजातली पुष्कळ कुटुंबं विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पेंटेकॉस्टल ख्रिस्ती पंथात गेली. तेव्हा प्रार्थनासभेत हीच पोंप ऐकू आली तर दचकू नका.

सापळा: "मुक्त, मनमौजी, वाऱ्यासारखी माणसं" हे चित्र. पोस्टरं ते विकतात. यातली बरीच कुटुंबं कित्येक वर्षं एका जागी राहतात, मुलांना शाळेत घालतात, गाडीभाड्याची चिंता करतात. मनात ते चित्र घेऊन गेलात तर पडद्यावरचा माणूस दिसणार नाही.

६. माहितीपट हाती लागण्याची वाट

घोषणा झाली की लगेच बघायला मिळेल, अशी अपेक्षा ठेवू नका. संगीताच्या माहितीपटाला उशीर होण्याचं ठरलेलं कारण म्हणजे हक्क. धून बांधणाऱ्याचे हक्क वेगळे आणि त्या विशिष्ट ध्वनिमुद्रणाचे वेगळे. दोन्ही सोडवावे लागतात. त्यात जुन्या चित्रफितींचे पैसे निराळे. ते हक्क अनेकदा ठरावीक देशांपुरतेच घेतलेले असतात, म्हणून युरोपातल्या वाहिनीच्या संकेतस्थळावर तो दिसतो आणि भारतातून उघडत नाही.

मी करते ते असं. निर्मात्यांच्या बातमीपत्राला नाव नोंदवते. मग चित्रपट महोत्सवांवर नजर: साधारण जानेवारी-फेब्रुवारीत पुण्याचा पिफ, नोव्हेंबरमध्ये गोव्याचा इफ्फी, आणि माहितीपटांसाठीच असलेला मुंबईचा मिफ, जो दर दोन वर्षांनी होतो. प्रतिनिधी नोंदणीला फोटो, ओळखपत्र आणि शुल्क लागतं. नोंदणी उघडताच करा. मुंबई-पुण्याच्या आलियाँस फ्राँसेजमध्ये फ्रेंच चित्रपट दाखवले जातात, तिथेही विचारून ठेवा.

कुठेच न आल्यास स्वतः खेळ लावता येतो. आम्ही एकदा लावला, साठ माणसं आली. त्यासाठी वितरकाला लिहायचं, आणि पत्रात एवढं आधीच द्यायचं: जागा आणि आसनसंख्या, तारीख, तिकीट आहे की नाही, प्रक्षेपणाची सोय काय आहे, आणि कुठल्या भाषेतली उपशीर्षकं हवीत. परवानगी लेखी घ्या. खाजगी वापराची डीव्हीडी सार्वजनिक खेळाला चालत नाही.

डीव्हीडीवरून एक इशारा. मी एका विक्रेत्याकडून मोठ्या उत्साहाने मागवली आणि ती घरच्या यंत्रावर चाललीच नाही. युरोपची डीव्हीडी प्रदेश २ ची, भारत प्रदेश ५. उपशीर्षकंही फक्त फ्रेंच. दोन्ही गोष्टी पैसे भरण्याआधी विचारा.

७. तिकडे जायचंच असेल तर

जँगोच्या नावाचा महोत्सव सामवा गावात, सीन नदीतल्या बेटावर भरायचा. पहिला १९६८ मध्ये. २०१६ च्या पुरामुळे तो हलवावा लागला आणि मग फोंतेनब्लोच्या राजवाड्याच्या उद्यानात गेला. तो उन्हाळ्यात असतो. तारीख आणि जागा त्या वर्षीची बघूनच तिकीट काढा. पॅरिसच्या गार द लिआँहून आर मार्गाच्या गाडीने फोंतेनब्लो-आव्होंला सुमारे चाळीस मिनिटं. तिथून सामवा जवळ आहे. जँगोची कबर त्याच गावच्या दफनभूमीत आहे. मंचावरच्या कार्यक्रमांइतकंच आसपासच्या तळांवर, झाडांखाली रात्री उशिरापर्यंत जे वाजतं त्यासाठी वेळ ठेवा.

पॅरिसच्या उत्तरेला सँत-उआँच्या जुन्या बाजारात ला शोप दे प्यूस हा मानुश वादनासाठी ओळखला जाणारा कॅफे आहे. जाण्याआधी चालू आहे का ते विचारा. अमेरिकेतल्या मराठी मंडळींनी मॅसॅच्युसेट्समधल्या नॉर्दम्प्टनचं जूनमधलं शिबिर आणि वॉशिंग्टन राज्यातल्या व्हिडबी बेटावरचा महोत्सव यांची चौकशी करावी.

शेंगेन (फ्रान्ससह युरोपातल्या अनेक देशांना चालणाऱ्या) व्हिसासाठी कागदपत्रं:

- पासपोर्ट, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध, दोन कोरी पानं
- किमान ३० हजार युरोंचा प्रवास आरोग्य विमा
- राहण्याची आणि येण्याजाण्याची आरक्षणं
- बँकेची अलीकडची विवरणपत्रं, नोकरीचं किंवा व्यवसायाचं पत्र
- महोत्सवाचं तिकीट किंवा नोंदणी. प्रवासाचा हेतू दाखवायला उपयोगी

अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, आणि प्रवासाच्या पंधरा दिवस आधीपर्यंतच. पण उन्हाळ्यात भेटीच्या वेळा लवकर भरतात, म्हणून मार्चमध्येच लागा. गिटार नेणार असाल तर विमान कंपनीचा वाद्यांविषयीचा नियम लेखी मागवून घ्या.

तळावर कुणाच्या गाडीजवळ वादन चालू असेल तर न विचारता मोबाईल वर धरू नका. आधी बसा, ऐका. कुणीतरी गिटार पुढे करेल तेव्हा साथ धरा, एकल नाही. आणि आवाज खाली ठेवा.

८. दिवा मालवल्यावर

पुढची रांग टाळा, मधली घ्या. पूर्ण चौकट दिसली पाहिजे. एकल चालू असताना कॅमेरा मागे सरकला की साथीदाराचं उजवं मनगट शोधा. खोलीच्या कोपऱ्यात एखादं सहा-सात वर्षांचं पोर आपल्यापेक्षा मोठी गिटार मांडीवर घेऊन बसलेलं असेल, त्याच्याकडे लक्ष ठेवा. त्याला कुणी काही शिकवताना दिसणार नाही. आजोबा मान हलवतील, काका भुवई उचलतील, एवढंच. आपल्याकडे तालमीत गुरूच्या मागे तंबोऱ्यावर बसलेला मुलगा असाच शिकतो.

दुसऱ्यांदा तो माहितीपट बघताना एका दृश्याने मला धरून ठेवलं. अरुंद स्वयंपाकघर, टेबलावर कॉफीचे पेले, चारजण दाटीवाटीने बसलेले. कॅमेरा टेबलाखाली उतरतो. दोन बूट, एक सपाता आणि एक छोटा अनवाणी पाय, चौघंही दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर एकदम जमिनीला टेकतायत. अनवाणी पायाचा क्षणभर उशीर होतो, मग तोही सापडतो.